मागची सीट

"त्याला मागच्या सीटवर का बसवलंत?" लाड सरांनी विचारलं.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तुमच्या त्या म्हाताऱ्याला. पुढची सीट मोकळी आहे, घर त्याचं आहे, बघायला कुणी नाही. मग हा माणूस मागे जाऊन का बसतो?"

मुख्याध्यापकांच्या टेबलावर माझ्या कथेची झेरॉक्स पडली होती. काही ओळींखाली लाल पेनाने रेघा ओढलेल्या होत्या. आमचे लाड सर गणिताचे. दिवाळी अंक त्यांनी कधी उघडला असेल तर तो राशिभविष्यासाठी. असा माणूस माझ्या कथेतल्या एका सीटचा अर्थ विचारतोय, यावर एरवी मी हुरळून गेलो असतो. त्या दिवशी मात्र तिथून कधी बाहेर पडतो असं मला झालं होतं.

"सर, पुढची सीट मुलाची आहे. म्हणून मागे बसतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग गावात लोक वेगळंच का बोलतायत?"

कथा खरंच साधी होती. एका म्हाताऱ्याचा मुलगा भांडून घर सोडून गेलेला असतो. त्याची मोटारसायकल घरी राहिलेली असते. म्हातारा रोज सकाळी ती पुसतो, किक मारून चालू करतो, इंजिन गरम होईपर्यंत मागच्या सीटवर बसून राहतो आणि मग बंद करून झाकून ठेवतो. मुलगा येत नाही. कथा संपते. जयसिंगपूरला आमच्या गल्लीत एक मोटारसायकल कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, ती बघून सुचलं होतं. बाकी सगळं माझ्या डोक्यातलं. जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाने ती छापली, मी पेढे वाटले, आणि तिथून माझे ग्रह फिरले.

कारण तेव्हाच आमच्या शिक्षण संस्थेची निवडणूक लागली होती. संस्थेचे अध्यक्ष खराडे अण्णा. द्राक्षबागायतदार, भारदस्त माणूस. माझ्या आधीपासून, लाड सरांच्याही आधीपासून तेच अध्यक्ष होते. विरोधी पॅनेलमधल्या कुणा हुशार माणसाने माझी कथा वाचली आणि त्याला साक्षात्कार झाला. जागची न हलणारी गाडी म्हणजे संस्था. नुसती किक मारणारा म्हातारा म्हणजे अण्णा. आणि मागच्या सीटवर बसणं म्हणजे मागून सूत्रं हलवणं! त्यांनी कथेच्या झेरॉक्स काढल्या आणि सभासदांना घरोघर वाटल्या. चहाच्या गाड्यावर एका अनोळखी माणसाने माझा हात हातात घेऊन दाबला. "काय हाणलाय सर तुम्ही! नाव न घेता!"

"अहो, मी कुणालाच हाणलेलं नाही," मी म्हणालो.

त्याने डोळा मारला. "तसंच म्हणायचं."

मी तेव्हा शिक्षणसेवक होतो. शिक्षणसेवक म्हणजे कायम शिक्षकाचं सगळं काम करायचं आणि मानधनावर गप्प बसायचं. माझी मुदत त्या डिसेंबरात भरत होती. त्यानंतर कायम करायचं की घरी पाठवायचं, हे एका कागदावर ठरणार होतं, आणि त्या कागदावर सही अण्णांची लागत होती.

"मगदूम," लाड सर आवाज खाली आणत म्हणाले, "तुमचा प्रस्ताव मी पाठवलाय अण्णांकडे. चार वेळा आठवण करून दिली. ते काही बोलत नाहीत. अण्णा ओरडले तर बरं असतं, गप्प बसले की मला भीती वाटते. आणि एवढं सगळं लिहिलंत ते लिहिलंत, त्यात मुलगा कशाला घातलात?"

"मुलाशिवाय कथा कशी होणार?"

"ते झालंच. पण अण्णांच्या घरी..." एवढं बोलून ते थांबले, झेरॉक्सची घडी घातली आणि मला तासावर जायला सांगितलं.

मी भूगोल शिकवत होतो. त्या तासाला नववीला वारे शिकवले, आणि वारे कुठून कुठे वाहतात हे फळ्यावर काढताना दोनदा चुकलो. शाळेला लागून मंगल कार्यालय होतं. लग्नाचे मुहूर्त सुरू झाले की आमच्या वर्गात शिक्षकाचा आवाज कमी आणि स्पीकरचा जास्त. कितीतरी वर्षं जुनं झालेलं एक गाणं तिथे अजून रोज वाजायचं:

बस मागं गं राणी, धर मला घट्ट,
गाडी निघाली बघ, सोड तुझा हट्ट!

मी आल्यापासून हे गाणं माझ्या कानाला इतकं चिकटलं होतं, की माझ्या कथेतला म्हाताराही इंजिन चालू असताना तेच गुणगुणतो. दुसरं गाणं मला आठवलंच नाही.

"हे गाणं वाटतं तितकं उथळ नाही, मगदूम," खुर्ची ओढत रेठरेकर म्हणाले. मधली सुट्टी होती. रेठरेकर आमचे मराठीचे शिक्षक. आयुष्यभर मुलांकडून रसग्रहणाची उत्तरं लिहून घेतल्यामुळे त्यांना वाण्याच्या दुकानावरच्या पाटीतही भावसौंदर्य दिसायचं. "गाडी म्हणजे देह. चालवणारा तो जीव. मागे बसलेली राणी म्हणजे माया, ती त्याला घट्ट धरून आहे. आणि 'सोड तुझा हट्ट' हा थेट अहंकारावर घाव आहे."

"अहो, त्या गाण्यावर वरात नाचतेय."

"नाचणारच. अर्थ कळला असता तर रडले असते सगळे."

मी डबा बंद केला. "रेठरेकर, ज्याने हे लिहिलं त्याला यमक पाहिजे होतं. घट्टला हट्ट सापडलं. संपलं."

"लिहिणाऱ्याला काय कळतं?" ते शांतपणे म्हणाले. "आता तुमचंच बघा. आपण काय लिहून बसलोय हे तुम्हाला तरी कळलंय का?"

मला इतका संताप आला की मी उठून व्हरांड्यात गेलो. म्हणजे मी लिहिलेलं मला सोडून सगळ्यांना कळलं होतं! गणिताच्या मुख्याध्यापकांना कळलं, झेरॉक्सवाल्याला कळलं, चहाच्या गाड्यावरच्या त्या डोळा मारणाऱ्यालासुद्धा कळलं. मी जीव तोडून सांगत होतो की गाडी म्हणजे गाडी आहे आणि म्हातारा म्हणजे म्हातारा, आणि जितकं सांगावं तितका लोकांचा संशय बळकट होत होता. घरी पद्मा निराळीच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "अगदी लिहायचंच होतं तर वाघसिंहाचं काहीतरी लिहायचं. त्यांची संस्था नसते."

"हसायचं काम नाही. नोकरी जाईल."

"हसत नाहीये मी," ती म्हणाली, आणि खरंच हसत नव्हती. तिच्या वडिलांनी मुलगी दिली होती ती 'जावई आता कायम होणार' या एका वाक्यावर.

दुसऱ्या दिवशी रेठरेकरांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. व्हरांड्यात गेलो त्याचा त्यांना राग नव्हता. राग धरायचा त्यांचा स्वभावच नव्हता, हीच त्यांची अडचण होती.

"रसग्रहण केलंय तुमच्या कथेचं. वाचा."

मी वाचलं. गाडी म्हणजे संस्थाच, पण ती बंद न पडू देणारा कर्ता पुरुष म्हणजे अण्णा. स्वतः मागच्या सीटवर बसून पुढची सीट नव्या पिढीसाठी मोकळी ठेवणारं त्यागी नेतृत्व. रोजची किक म्हणजे अखंड सेवाव्रत. शेवटी मुलगा येत नाही, यातून 'तरुणांनो, पुढे या' असं आवाहन सूचित होतं.

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"खोटं कसं? कथेत एक शब्द तरी बदललाय का मी? त्यांनी जसा एक अर्थ काढला तसा आपण दुसरा काढला. बोलावणं आलं की एवढं म्हणून दाखवा. तुम्हाला खरेपणा पाहिजे की कायमची ऑर्डर?"

मी कागद खिशात घातला. बोलावणं दोन दिवसांनी आलंच. शाळेच्या शिपायाने निरोप दिला, "अण्णांनी उद्या पहाटं बोलवलंय. बंगल्यावर न्हाई, बेदाण्याच्या शेडवर. एकट्यानंच या म्हणाल्यात."

बंगल्यावर नाही, शेडवर, आणि एकट्यानेच. पद्माने ते ऐकलं आणि तिला रात्रभर झोप लागली नाही. मीही कूस बदलत कागद पाठ करत होतो. सेवाव्रत हा शब्द सारखा सेवावृत्ती होत होता.

पहाटे थंडी होती. बागेला नुकती पालवी भरली होती, आणि तिच्या मागे ते लांबलचक पत्र्याचं शेड. बेदाण्याचा हंगाम नव्हता, आत रिकामे क्रेट रचलेले होते, पण बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा उग्र वास अजून होता. अण्णा दारातच उभे होते. डोक्याला मफलर, अंगात घरातला पायजमा. सभेत दिसायचे त्यापेक्षा बरेच लहान वाटले. दाराच्या आतच एका क्रेटवर माझी फाईल होती. वरच्या कागदावर सहीची जागा कोरी होती, ते मला लांबूनच दिसलं.

"या मास्तर. च्या झाला का?"

"झाला अण्णा." झाला नव्हता.

"ती गोष्ट तुम्हीच लिवलीया न्हवं?"

मी कागद काढला. सुरुवात बरी झाली. "अण्णा, कथेबद्दल काही लोकांनी मुद्दाम गैरसमज पसरवलेत. त्यातली गाडी हे एक प्रतीक आहे. गाडी म्हणजे आपली संस्था, आणि..."

"काय?"

"गाडी म्हणजे संस्था, अण्णा. आणि तिला अखंड सेवा..."

"मास्तर," अण्णा म्हणाले, "गाडी म्हंजे गाडीच की ओ. तिला आनि काय म्हणायचं?"

हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मी इतके दिवस तरसत होतो. ते ऐकायला मिळालं तर या माणसाकडून! मी कागद परत खिशात कोंबला.

"आत या. दार लोटून घ्या," ते म्हणाले.

शेडच्या टोकाला ताडपत्रीखाली काहीतरी होतं. अण्णांनी ताडपत्री ओढली. लाल रंगाची जुनी मोटारसायकल होती, टाकी आरशासारखी पुसलेली. त्यांनी जुन्या धोतराच्या एका फडक्याने हँडल पुसलं, चोक ओढला, भिंतीला हात टेकून किक मारली. पहिल्यांदा लागली नाही. मी पुढे झालो तर त्यांनी हातानेच मला मागे थांबवलं. मग ती लागली. सगळं शेड आवाजाने भरलं. अण्णांनी सावकाश पाय टाकला आणि मागच्या सीटवर बसले. हात मांडीवर, नजर समोर.

मी लिहिलं होतं, अगदी तसंच.

थोड्या वेळाने त्यांनी वाकून चावी फिरवली, पण उतरले नाहीत. "आता सांगा. रणधीरची गाठ कुठं पडली तुमची?"

"कोण रणधीर?"

"माझा पोरगा."

लाड सर कुठे थांबले होते ते मला तेव्हा उमगलं. मी परगावचा. अण्णांना मुलगा असल्याचंही मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अण्णा, मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही."

"आसं म्हणू नका." ते गाडीवरून उतरले आणि माझ्याजवळ आले. "घरात कुणाला म्हाईत न्हाई हे. त्याची आई होती तवा तिला बी म्हाईत नव्हतं. शेडवर जातो म्हणायचो आन् हितं येऊन आतनं कडी लावायचो. मी मागं बसतो हे कुणी बगितलं न्हाई. आन् तुम्ही लिवलंय. मागं बसतो म्हणून लिवलंय, मास्तर! त्यो शिकत हुता तवा त्यानं मला हिच्यावरनं सगळ्या बागा फिरवल्या. मी मागंच बसायचो."

त्यांनी पत्र्याच्या भिंतीकडे बोट केलं. "त्या तिथं भोक हाय. भाईरनं डोळा लावला तर आतलं दिसतंय. मी लावून बगितलाय. ही गोष्ट हाताला आली तवापास्नं मी इचार करतोय. त्यो आला असंल. बगून गेला असंल. आत यायला जड गेलं असंल त्याला, मी लई बोललो हुतो. मग एस्टीत तुमची गाठ पडली असंल, तुम्हाला बोलला असंल. व्हय का न्हाई?"

सगळं गाव एका कथेत राजकारण शोधत होतं आणि हा माणूस दार लावून तिच्यात मुलगा शोधत बसला होता. इतके अर्थ मी त्या दिवसांत ऐकले, पण इतका बारकाईने लावलेला, एकेक दुवा जोडून घेतलेला दुसरा नव्हता. तोही चुकीचाच होता.

"आन् त्ये गाणं? त्याचंच गाणं हाय त्ये. दिवसभर लावायचा टेपवर."

"गाणं कार्यालयात वाजतं, अण्णा. रोज वाजतं."

"वाजतंय, व्हय. पण तुम्ही ह्या गाडीसंगं लिवलंय. सांगा की. कसा हाय त्यो? वाळलाय का?"

इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं माझ्या डोक्यात गेलं. "अहो अण्णा, कुणी भेटलं नाही मला! कुणी म्हणजे कुणी नाही! मी रचलंय सगळं. आमच्या गल्लीत एक गाडी होती, ती पाहून रचलं. पुढची सीट मुलाची, म्हणून बापाला मागे बसवला. दुसरं काही नाही त्यात, का ऐकत नाही कुणी माझं?"

पत्र्याला लागून माझाच आवाज परत आला. अध्यक्षांवर ओरडलो होतो मी. क्रेटवरची फाईल मला दिसत होती आणि ती गेलीच असं मी धरून चाललो. पण अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पत्र्याच्या भोकाकडे बघत राहिले आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मुलगा येऊन गेला, या एका कल्पनेवर त्यांनी एवढे दिवस काढले होते, आणि ती मी काढून घेतली होती.

"रचलं," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी ताडपत्री उचलली. मी एक टोक धरलं, दोघांनी मिळून गाडी झाकली. दोरी बांधताना त्यांनी वर न बघता विचारलं, "आन् शेवटाला पोरगं येत न्हाई. त्ये कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, अण्णा. तेही मीच लिहिलं."

"त्यो म्हणाला नव्हता तसं?"

"मी त्यांना भेटलोच नाही तर..."

"म्हंजे येणार न्हाई, हे तुमच्याच मनातलं."

"माझ्याच मनातलं. कथा कुठेतरी संपवावी लागते म्हणून."

अण्णांनी दोरीची गाठ पक्की केली. मग ताठ उभे राहिले आणि एक मोठा श्वास सोडला. "मग काय न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे अजून येईल."

क्रेटपाशी जाऊन त्यांनी माझ्या कागदावर सही केली, फाईल माझ्या हातात दिली आणि शेडचं दार उघडलं. बाहेर चांगलंच उजाडलं होतं.

निवडणूक अण्णांचं पॅनेल जिंकलं. रेठरेकरांचं रसग्रहण संस्थेच्या त्रैमासिकात छापून आलं आणि माझी नोकरी आपल्यामुळे वाचली असं ते निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले. मी त्यांना कधी खोडून काढलं नाही. शेडमधलं मी फक्त पद्माला सांगितलं.

पुष्कळ वर्षांनी माझा पहिला कथासंग्रह निघायचा होता. सांगलीचे प्रकाशक घरी आले होते. ती कथा त्यांना सगळ्यांत आवडली होती, संग्रहाला नावही तिचंच द्यायचं होतं. मी ती वगळा म्हणालो. त्यांना पटेना, पुन्हा पुन्हा कारण विचारू लागले. रणधीर अजून आला नव्हता, हे मला त्यांना सांगता येत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "अण्णा खराडे अजून आहेत."

ते मोठ्याने हसले. "अजून घाबरता होय त्यांना?"

मी हो म्हणालो.